हिटलरचे ‘अदृश्य’ विमान: एका माहितीपटाची उलटतपासणी

१/
युद्ध आणखी काही महिने लांबले असते, तर ब्रिटिश रडारला न दिसणारे जर्मन विमान थेट लंडनवर येऊन धडकले असते, अशी एक कथा २००९ पासून पडद्यावर फिरते आहे. त्यातले विमान खरे आहे. त्याचे अवशेष आजही वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात पाहता येतात. ‘अदृश्य’ हे विशेषण मात्र नंतर चिकटवलेले आहे. ते कसे चिकटले, हे पाहिले की ऐतिहासिक माहितीपटांच्या एका मोठ्या धंद्याची रीत कळते. #धागा

२/
विमानाचे नाव होर्टेन हो २२९. रायमार आणि वाल्टर होर्टेन या भावांना १९३० च्या दशकापासून एकाच कल्पनेने झपाटले होते: शेपूट नाही, वेगळे धड नाही, संपूर्ण विमान म्हणजे केवळ एक पंख. इंजिन नसलेल्या ग्लायडरवर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. हेतू स्पष्ट होता. जो भाग उचल देत नाही, तो हवेचा रोध मात्र वाढवतो. म्हणून तो काढून टाकायचा. या विचारात रडार कुठेही नव्हते.

३/
१९४३ मध्ये गोरिंगने लुफ्तवाफेसाठी ‘तीन हजारां’ची अट घातली: १,००० किलो बॉम्ब, १,००० किलोमीटर पल्ला, ताशी १,००० किलोमीटर वेग. त्या काळच्या जेट इंजिनांची इंधनाची भूक पाहता ही अट जवळजवळ अशक्य होती. रोध कमी असलेला उडता पंखच तिच्या जवळपास जाऊ शकेल, असे होर्टेन बंधूंनी पटवले आणि काम मिळवले.

४/
पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इंजिनाविना बनवलेला पहिला नमुना १ मार्च १९४४ रोजी उडाला. दोन यूमो ००४ जेट इंजिने बसवलेला दुसरा नमुना २ फेब्रुवारी १९४५ रोजी ओरानियेनबुर्ग येथे उडाला. १८ फेब्रुवारीला एक इंजिन बंद पडून तो कोसळला आणि वैमानिक एर्विन झिलर यांचा मृत्यू झाला. तिसरा नमुना अपुराच होता. एप्रिलमध्ये तो अमेरिकी सैन्याच्या हाती लागला.

५/
म्हणजे जेट इंजिनांसह या विमानाचे आयुष्य सोळा दिवसांचे. त्याने एकही लढाई पाहिली नाही. त्याच्या पंखांखाली युद्धासाठी बॉम्ब लागला नाही. रडारपुढे त्याची चाचणी झाल्याची नोंद नाही. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर तासाभराचा चित्तथरारक माहितीपट उभा करायचा, तर उरलेली जागा कशाने तरी भरावी लागते. ती भरली गेली ‘असते तर’ या दोन शब्दांनी.

६/
२००९ मध्ये नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर ‘हिटलर्स स्टेल्थ फायटर’ हा माहितीपट आला. त्यासाठी नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीच्या अभियंत्यांनी सुमारे २,५०० मनुष्य-तास खर्चून विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती बनवली, ती उंच खांबावर चढवली आणि तिच्यावर रडारलहरी सोडून प्रतिध्वनी मोजला. ही प्रतिकृती आज सॅन डिएगोच्या विमान संग्रहालयात आहे. कारागिरीला आणि मोजमापाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न त्या मोजमापातून काढलेल्या कथेचा आहे.

७/
निष्कर्ष काय निघाला? चेन होम या ब्रिटिश रडारच्या लहरींवर, समोरून येणाऱ्या होर्टेनचा प्रतिध्वनी मेसरश्मिट बीएफ १०९ या नेहमीच्या लढाऊ विमानाच्या सुमारे ४० टक्के. आणि ते दिसू लागण्याचे अंतर? बीएफ १०९ च्या सुमारे ८० टक्के. म्हणजे एक विमान १०० किलोमीटरवर दिसत असेल, तर दुसरे ८० किलोमीटरवर दिसेल. शीर्षकात ‘स्टेल्थ’ म्हणून मिरवलेले विमान ते हेच.

८/
४० टक्के आणि ८० टक्के या आकड्यांमधले नाते समजून घेण्यासारखे आहे. माहितीपटाच्या नाट्याचा तोल याच ठिकाणी जातो. रडारची लहर विमानापर्यंत जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते. त्यामुळे परतणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घातात घटते. उलटपक्षी, विमान दिसण्याचे अंतर त्याच्या प्रतिध्वनीच्या चौथ्या मुळावर अवलंबून राहते. ०.४ चे चौथे मूळ काढले की उत्तर येते सुमारे ०.८.

९/
याच नियमाने पुढे मोजावे. दिसण्याचे अंतर निम्मे करायचे, तर प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर आणावा लागतो. अंतर एक दशांश करायचे, तर दहा हजाराव्या हिश्श्यावर. खरे स्टेल्थ विमान या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांच्या प्रदेशात राहते. प्रतिध्वनी निम्म्याहून थोडा कमी होणे, याला त्या शास्त्रात फारसे वजन नाही. हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला कळेल असे आहे. प्रेक्षकाच्या मनात मात्र ‘न दिसणारे विमान’ हेच शब्द उरतात.

१०/
दुसरी हातचलाखी प्रतिस्पर्धी निवडण्यात आहे. चेन होम ही युद्धापूर्वी उभारलेली साखळी. तिची तरंगलांबी सुमारे १० ते १५ मीटर, आणि होर्टेनच्या पंखांचा विस्तार सुमारे १६.८ मीटर. लहर आणि लक्ष्य जवळपास एकाच मापाचे असले, की विमानाच्या गोलाईदार आकाराचा फायदा फारसा उरत नाही. खेरीज समुद्रालगत उडणारी विमाने पकडण्यात चेन होम मुळातच दुबळी होती; ती कोणत्याही देशाची असोत, कोणत्याही आकाराची असोत.

११/
ब्रिटिशांना हे दुबळेपण ठाऊक होते. म्हणून १९४० मध्येच दीड मीटर तरंगलांबीची ‘चेन होम लो’ ही वेगळी साखळी कामाला लागली होती. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी पोकळी-मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, आणि युद्ध संपेपर्यंत दहा सेंटीमीटरची रडारे जमिनीवर, जहाजांवर, विमानांवर सर्वत्र पोहोचली. १९४५ च्या विमानाला १९४० च्या लढाईतील रडारसमोर उभे करणे, ही चाचणी नव्हे. निकाल आधी ठरवून लावलेली कुस्ती आहे.

१२/
लहान, वेगवान आणि खालून येणाऱ्या लक्ष्याचे ब्रिटिश काय करतात, हे जाणण्यासाठी कल्पनेची गरजही नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात व्ही-१ उडते बॉम्ब नेमके असेच आले: पंखविस्तार साडेपाच मीटरांहून कमी, वेग ताशी सुमारे ६०० किलोमीटर. सुरुवातीला त्यांनी लंडनमध्ये हाहाकार माजवला. पण एससीआर-५८४ रडार, इलेक्ट्रॉनिक गणक आणि लक्ष्याजवळ आपोआप फुटणारे तोफगोळे एकत्र आले, तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस आलेले बहुतांश बॉम्ब वाटेतच पाडले जाऊ लागले.

१३/
इशारा देण्याचा वेळ कमी झाला असता, हा युक्तिवाद खरा आहे. मात्र त्याचे श्रेय प्रामुख्याने वेगाला जाते, आणि वेग जेट इंजिनाचा. जर्मनीकडे जेट बॉम्बर प्रत्यक्षात होता: आराडो एआर २३४. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याने नॉर्मंडीवर टेहळणी केली. पुढे बॉम्बफेकही केली. वेगामुळे त्याला गाठणे दोस्तांच्या विमानांना कठीण जाई. तरीही युद्धाचा निकाल तसूभर हलला नाही. जे घडले ते समोर असताना, जे घडले नाही त्याच्यावरच कॅमेरा का रोखला जातो?

१४/
आता कोळशाकडे. रायमार होर्टेन यांचे म्हणणे असे की, रडारलहरी शोषून घेण्यासाठी प्लायवूडच्या गोंदात कोळशाची भुकटी मिसळण्याचा आपला विचार होता. ‘पहिले स्टेल्थ विमान’ ही सारी इमारत या एका वाक्यावर उभी आहे. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे वाक्य केव्हाचे?

१५/
ते १९४३ चे नाही, १९४४ चेही नाही. ते १९८३ च्या पुस्तकातले आहे. घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी आलेले. त्याच्या तीन वर्षे आधी, ऑगस्ट १९८० मध्ये, अमेरिकेचे संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी रडारला चकवणाऱ्या विमानांचे तंत्र हाती आल्याचे जाहीर केले होते. जगभरच्या वृत्तपत्रांत ‘स्टेल्थ’ हा शब्द गाजत होता. अशा वेळी वृद्ध संशोधकाला आपल्या तरुणपणीच्या विमानात तोच गुण दिसू लागणे मानवी आहे. पुरावा म्हणून मात्र ते अत्यंत लंगडे आहे.

१६/
सुदैवाने इथे दुसरा साक्षीदार उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे खुद्द विमान. स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयातील संवर्धकांनी तिसऱ्या नमुन्याच्या लाकडाचे आणि गोंदाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले. गोंदात दिसणारे काळसर कण कोळशाचे असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. विमान लाकडाचे का होते, याचे उत्तरही साधे आहे: जर्मनीत ॲल्युमिनियमची चणचण होती आणि सुतार उपलब्ध होते. शिवाय त्या लाकडाच्या आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि दोन धातूची इंजिने होतीच.

१७/
जर्मनांना रडारशोषणाची कल्पनाच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. पाणबुडीला हवा पुरवणाऱ्या, पाण्याबाहेर डोकावणाऱ्या नळीवर लहरी शोषणारे आवरण चढवण्याचे काम त्यांनी केले होते. त्या प्रकल्पाचे सांकेतिक नाव ‘धुराडे साफ करणारा’ अशा अर्थाचे होते. ही कागदोपत्री सिद्ध होणारी, शास्त्रीयदृष्ट्या रसाळ गोष्ट आहे. पण नळीवरच्या काळ्या आवरणापेक्षा वटवाघळासारखे विमान पडद्यावर अधिक शोभते. म्हणून ती गोष्ट मागे राहते.

१८/
तिसरा दावा वंशावळीचा: अमेरिकेचे बी-२ बॉम्बर म्हणजे होर्टेनचा नातू. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवली की दावा पटतोही. पण जॅक नॉर्थ्रॉप यांचे एन-१एम हे उडता-पंख विमान १९४० मध्येच अमेरिकेत उडाले होते. एक्सबी-३५ हे १९४६ मध्ये, तर जेट इंजिनांचे वायबी-४९ हे १९४७ मध्ये उडाले. बी-२ चा पंखविस्तार वायबी-४९ इतकाच, १७२ फूट आहे. आजोबा शोधायचाच असेल, तर तो त्याच घरात सापडतो.

१९/
आणि स्टेल्थचे खरे मूळ तर आकारातही नाही. ते गणितात आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये पृष्ठांच्या कडांवरून विद्युत्चुंबकीय लहरी कशा विखुरतात, याची मांडणी प्रसिद्ध केली. तिचा इंग्रजी अनुवाद लॉकहीडच्या अभियंत्यांच्या हाती पडला. त्यातून संगणकीय पद्धत तयार झाली आणि १९७७ मध्ये ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान उडाले. सपाट पैलूंचे ते विमान होर्टेनसारखे मुळीच दिसत नाही. रशियन कागद, अमेरिकी संगणक आणि पंधरा वर्षांचा प्रवास: ही खरी कथा. तीत स्वस्तिक नाही, म्हणून ती कमी विकली जाते.

२०/
स्वस्तिक विकले जाते, हे या व्यवसायाचे कटू सत्य आहे. ‘चमत्कारी अस्त्र’ हा शब्द इतिहासकारांचा नव्हे. पराभव समोर दिसत असताना जर्मन जनतेने धीर सोडू नये, म्हणून गोबेल्सच्या प्रचारयंत्रणेने तो आळवला. थोडा धीर धरा, अशी अस्त्रे येत आहेत की पारडे फिरेल, हा त्याचा आशय. आज ‘सहा महिने आणखी मिळाले असते तर’ असे खर्जातल्या आवाजात सांगणारा निवेदक नकळत तीच जाहिरात पुढे चालवत असतो. फरक इतकाच की, मधल्या जाहिराती आता साबणाच्या असतात.

२१/
ते सहा महिने कशावर काढले असते, हेही विचारावे. मे १९४४ पासून दोस्तांनी कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू केले आणि सप्टेंबरपर्यंत विमान-इंधनाचे उत्पादन मेच्या तुलनेत एक दशांशाच्याही खाली गेले. जेट विमानांना हलके प्रतीचे इंधन चालत असे, पण त्यांचे वैमानिक तयार करायला लागणारे तासही इंधनावरच मोजले जात. निकेल व क्रोमियमच्या टंचाईमुळे यूमो ००४ इंजिनाचे आयुष्य सुमारे १० ते २५ तास इतकेच होते. ज्या राष्ट्राकडे तेल नाही, मिश्रधातू नाहीत आणि शिकलेले वैमानिक उरले नाहीत, त्याला विमानाच्या आकाराने वाचवता आले नसते.

२२/
सर्वांत गंभीर वगळणूक मात्र माणसांची आहे. व्ही-२ अग्निबाण हे या ‘चमत्कारी अस्त्रां’तले सर्वाधिक कौतुकाचे. मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतील कैद्यांना डोंगराखालच्या बोगद्यांत राबवून ते बांधले गेले. त्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० कैदी आणले गेले. त्यांतले किमान एकतृतीयांश मेले. व्ही-२ च्या माऱ्याने जितकी माणसे मारली, त्यांहून अधिक त्याच्या निर्मितीने मारली, असे म्हटले जाते ते यामुळे.

२३/
संगणकीय चित्रांतून चकाकणारा अग्निबाण दहा मिनिटे फिरवून दाखवायचा आणि बोगद्यातल्या माणसांना एक वाक्य द्यायचे, ही निवड असते. यंत्राच्या रेषा सुंदर असतात आणि भुकेने मेलेला कैदी सुंदर नसतो. हा हिशेब पडद्यामागे कुणीतरी बसून केलेला असतो. ‘आम्ही फक्त तंत्रज्ञानाविषयी बोलतो’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. ते तंत्रज्ञान कुणाच्या हातांनी घडले, हा तंत्रज्ञानाच्याच इतिहासाचा भाग आहे.

२४/
मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न बखरींना विचारला होता. प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिली? कुणासाठी लिहिली? तत्कालीन अस्सल पत्रांशी तिचा मेळ बसतो का? सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीचे वजन वेगळे आणि शतकाहून अधिक काळानंतर रचलेल्या चिटणिशी बखरीचे वेगळे, हे मराठी इतिहाससंशोधन तेव्हापासून शिकत आले आहे.

२५/
माहितीपट ही आजची बखर आहे. तिला आश्रयदाता असतो, श्रोता असतो, रंगत चढवण्याची गरज असते. बखर टाकाऊ नसते. ती लिहिणाऱ्या काळाविषयी ती पुष्कळ सांगते. ‘हिटलर्स स्टेल्थ फायटर’देखील १९४५ पेक्षा २००९ विषयी अधिक सांगतो. पण बखरीला अस्सल कागदाचा मान द्यायचा नाही, हा संशोधनाचा पहिला धडा. शिवकालीन बखरीबाबत तो पाळायचा आणि पडद्यावर रडारचा आलेख दिसला की विसरायचा, हे विसंगत आहे.

२६/
यावर ठरलेला प्रतिवाद येतो: असे माहितीपट पाहूनच मुले इतिहासाकडे वळतात, मग थोडी अतिशयोक्ती चालवून घ्यावी. पहिला भाग खरा आहे. अनेकांची विमानांची, युद्धांची, विज्ञानाची गोडी टीव्हीसमोरच लागते. पण वरची गणिते पाहावीत. चौथ्या मुळाचा नियम, मॅग्नेट्रॉन, उफिम्त्सेव्हचा कागद, गोंदाची प्रयोगशाळेतली तपासणी: यांतले नीरस काय आहे? सत्य कंटाळवाणे असते, हे गृहीतकच प्रेक्षकाचा अपमान करणारे आहे.

२७/
आणि चांगले माहितीपट झालेलेच नाहीत, असेही नाही. बीबीसीची १९७७ ची ‘द सीक्रेट वॉर’ ही मालिका रडार आणि जर्मन मार्गदर्शक-लहरींची कथा सांगते. त्यात आर. व्ही. जोन्स स्वतः बोलतात: काय दिसले, कशावरून तर्क केला, वरिष्ठांना कसे पटवले. तिथे थरार शोधाच्या क्रमातून येतो. वेगळा चढवावा लागत नाही.

२८/
या संदर्भात नोबल फ्रँकलंड हे नाव लक्षात ठेवावे. महायुद्धात बॉम्बर कमांडचे नॅव्हिगेटर, नंतर त्याच बॉम्बफेकीच्या अधिकृत इतिहासाचे सहलेखक, आणि पुढे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक. १९६४ च्या बीबीसीच्या ‘द ग्रेट वॉर’ मालिकेत अस्सल चित्रफितींबरोबर रचलेली दृश्ये न सांगता मिसळली जातात, यावर त्यांनी हरकत घेतली. हरकत क्षुल्लक नव्हती. १९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या चित्रपटातील, खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचे जगप्रसिद्ध दृश्यदेखील प्रत्यक्ष रणांगणावरचे नसून रचलेले असल्याचे मानले जाते.

२९/
हेच फ्रँकलंड पुढे ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या २६ भागांच्या मालिकेचे इतिहास-सल्लागार झाले. १९७३-७४ मध्ये आलेली ही मालिका आजही आदर्श मानली जाते. तरीही तिला मर्यादा आहे, आणि ती शिकवणारी आहे. एनिग्मा फोडून मिळवलेल्या गुप्त माहितीची कथा विंटरबोथम यांच्या पुस्तकाने १९७४ च्या उत्तरार्धात, म्हणजे मालिका संपल्यावर, उघड केली. त्यामुळे इतक्या श्रेष्ठ मालिकेतही ती कथा नाही. उत्तमोत्तम माहितीपटालाही तारीख असते.

३०/
घरचा आहेरही द्यायला हवा. हिटलरच्या अदृश्य विमानाला हसणारे कित्येक जण प्राचीन विमानांच्या चित्रफिती मात्र श्रद्धेने पुढे पाठवतात. ‘वैमानिक शास्त्र’ हा त्यांचा मुख्य आधार. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो तपासला. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेले एकही विमान उडू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पद्धत तीच: भाषेची तपासणी, काळाची तपासणी, वायुगतिकीची तपासणी.

३१/
मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, या कथेलाही तोच प्रश्न लागू होतो: तत्कालीन, तपासता येणारा कागद कुठे आहे? हा प्रश्न तळपद्यांचा अवमान करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतला एक माणूस उड्डाणाचा ध्यास घेतो, ही त्या शहराच्या बौद्धिक इतिहासातली मोलाची घटना आहे. तिच्यावर चमत्काराचा मुलामा चढवला की खरा माणूस खाली दडपला जातो. होर्टेनच्या बाबतीतही हेच झाले. उडत्या पंखाचे त्यांचे वायुगतिकीय काम खरोखर मोठे होते. कोळशाच्या कथेने तेच झाकले.

३२/
पुढचा माहितीपट सुरू होईल तेव्हा चार प्रश्न जवळ असावेत. हे म्हणणे घटनेच्या काळातले आहे की नंतर सुचलेले? तुलना नेमकी कशाशी केली आहे, आणि तो प्रतिस्पर्धी कुणी निवडला? समोरचे दृश्य अस्सल आहे, रचलेले आहे की संगणकाने काढलेले, हे पडद्यावर सांगितले आहे का? आणि हे यंत्र कुणी, कोणत्या अवस्थेत बांधले? बहुतेक ‘गुप्त अस्त्रे’ पहिल्या दोन प्रश्नांतच गळून पडतात.

३३/
वाहिन्यांनी काय करावे, तेही अवघड नाही. रचलेल्या दृश्यावर कोपऱ्यात ‘नाट्यरूपांतर’ एवढा शब्द लिहिता येतो. मोजमाप दाखवताना आकडा शीर्षकाइतक्याच ठळकपणे दाखवता येतो. नवे संशोधन आले की पुनःप्रक्षेपणाआधी दोन ओळींची दुरुस्ती जोडता येते. वर्तमानपत्र चूक सुधारते, पाठ्यपुस्तक नवी आवृत्ती काढते. मग जुना माहितीपट वर्षानुवर्षे तसाच का दाखवावा?

३४/
होर्टेनचा तिसरा नमुना आज संग्रहालयात आहे. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, गोंद वाळलेला, पोलादी सांगाडा उघडा. संवर्धकांनी त्याला चकचकीत रंग देऊन ‘अदृश्य’ केलेले नाही. जो आहे तसा तो जपला आहे. इतिहासाकडून अपेक्षा एवढीच असते. ‘असते तर’ची कितीही विमाने पडद्यावर उडोत, तपासणीला उभे राहते ते हेच लाकूड.

(धागा समाप्त)